काटा यायचाय अजून

मीटरचा काटा खोटं बोलत नाही, असं लोक म्हणतात. हे लोक कधी मीटर उघडून बसलेले नसतात. मी बसते, समोरच्या खोलीत खिडकीपाशी, डोळ्याला भिंग लावून. काट्याइतका थापाड्या दुसरा कोणी नाही. कधी पुढे पळेल, कधी मागे रेंगाळेल, कधी दोन आकड्यांच्या मध्ये उभा राहून नुसता थरथरेल. माझे सासरे घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांच्याकडून मी शिकले. लोकांनी घड्याळं अडगळीत टाकली तेव्हा मी जुन्या मोटरसायकलींच्या मीटरांकडे वळले. आमचे हे म्हणतात, "काट्याने काटा काढून संसार केलास." ह्यांना निवृत्त झाल्यापासून विनोद सुचायला लागलेत. नोकरीत होते तेच बरं होतं.

सुतारकाका आले ते भर दुपारी. आमच्या घराच्या खिडक्या त्यांनीच केलेल्या, इतकी वर्षं झाली तरी एक कुरकुरत नाही. आता त्यांचे हात थरथरतात, त्यामुळे रंधा बंद. ते दारातच उभे राहिले.

"मुलाच्या गाडीचा मीटर बघायचाय," ते म्हणाले. "काटा खाली यायला फार वेळ लावतो."

"मग आणा की काढून."

"मला नाही काढता येणार. तुम्ही घरी या."

"मी घरोघरी फिरत नाही, काका. मी काय दूध घालते का?"

मग मलाच माझं बोलणं लागलं. त्यांचा मुलगा वायरमन होता. आठ महिन्यांपूर्वी कामावर असताना डोक्यातली नस फुटली आणि गेला. घरात आता काका आणि सून, दोघंच. मी तेव्हा भेटायला गेले होते आणि काय बोलावं ते न सुचून त्यांच्या दाराच्या बिजागऱ्यांची तारीफ करून परत आले होते.

"तो गेल्यापासून गाडी जागची हललेली नाही," काका म्हणाले. "तरी काटा चढतो."

"चढतो म्हणजे?"

"तो संध्याकाळी यायचा, गाडी मागच्या शेडमध्ये लावायचा, इंजिन बंद करून हातपाय धुवायला जायचा, तरी काटा वरच असायचा. सावकाश उतरायचा. सून आतून विचारायची, आलात का? हा म्हणायचा, मी आलोय, काटा यायचाय अजून." ते जरासे हसले. "आता मी संध्याकाळी शेडचं दार लावायला जातो, तर काटा विसाच्या आसपास असतो. आणि खाली येत असतो. नुकतंच कोणी गाडी लावून आत गेल्यासारखा."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भर उन्हात, स्वतःच्या खोलीत. मला स्वतःचाच राग आला आणि राग आला की माझं तोंड सुटतं.

"काका, मी मीटरवाली आहे, मांत्रिक नाही."

"म्हणूनच तुमच्याकडे आलो. मला तो काटा झटक्यात खाली आलेला हवाय. चाक थांबलं की शून्यावर. बाकी काही नको."

आतून ह्यांनी आवाज दिला, "जाऊन ये गं, मी वरण गरम करून घेईन." म्हणजे सगळं ऐकत होते. मी पिशवीत हत्यारं भरली आणि निघाले.

शेड घराच्या मागे, पत्र्याचं. एका भिंतीला काकांची हत्यारं अजून नीट टांगलेली, खाली एक स्टूल, आणि मध्ये गाडी मेन स्टँडवर. जुनी, जड, प्रेमाने सांभाळलेली. हँडलच्या पुढे दोन तबकड्या, डावीकडची वेगाची, उजवीकडची इंजिनाच्या फेऱ्यांची. काका "पडतो जरा" म्हणून आत गेले आणि मी चष्मा पुसून गाडीभोवती एक फेरी मारली.

टाकीवर धूळ. सीटवर धूळ. आरशाला कोळिष्टक. पुढच्या चाकाचा टायर मात्र काळाभोर, कोणी रोज हात फिरवावा तसा. आणि इंजिनाखाली लाकडाची एक पाचर, सुबक तासलेली, अशी बसवलेली की पुढचं चाक जमिनीपासून बोटभर उचललेलं. मी टायरला हात लावला. चाक फिरलं, केबलने घर्रर्र केलं आणि डावा काटा आळसावल्यासारखा पाचावर जाऊन बसला.

माझा जीव भांड्यात पडला. मग लगेच दुसरी चिंता. हे कोण करतंय?

"मावशी, राहू द्या ना ते."

दारात सून उभी होती. दवाखान्यात नर्स आहे ती, नुकतीच ड्यूटीवरून आलेली, खांद्याला अजून पर्स.

"का राहू द्यायचं? तुझ्या सासऱ्यांनी बोलावलंय."

"त्यांना वाटत असेल, त्यांच्या मुलाचा मीटर बिघडलाय तर नीट करावा. पण आहे तसाच राहू दे."

"इकडे ये," मी म्हटलं. "ही उजवीकडची तबकडी बघ. इंजिन चाललं तर हा काटा हलतो. हा हललेलाच नाही, काचेच्या कडेची धूळसुद्धा जागची हललेली नाही. म्हणजे तुझा नवरा रोज इंजिन बंद ठेवून घरी येतो. पेट्रोल भुतांनाही परवडेनासं झालं वाटतं."

बोलून गेले आणि जीभ चावली. ती आधी हसली. खरंच हसली, तोंडावर हात ठेवून. मग स्टुलावर बसली आणि तो हात तिने काढलाच नाही.

"मीच फिरवते," ती म्हणाली.

"ते दिसलंच मला. कशासाठी?"

"बाबांसाठी. तो गेल्यावर ते जेवतच नव्हते. दोन घास, की ताट सरकवायचे. मी नर्स असून मला माझ्या घरातलं माणूस झिजताना दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं. मग एक दिवस मी ड्यूटीवरून आले तर ते इथे बसलेले, या स्टुलावर. मला म्हणाले, आत्ता काटा उतरत होता. तो येऊन गेला. आणि त्या रात्री दोन पोळ्या खाल्ल्या, मावशी. मागून भात घेतला."

"आणि दुसऱ्या दिवसापासून तू चाक फिरवायला लागलीस."

"बराच वेळ फिरवावं लागतं, तेव्हा कुठे काटा चढतो. दंड भरून येतात. मग मागच्या वाटेने पुढच्या दारात जाते आणि सांगते, बाबा, शेडचं दार लावून येता का. ते जातात. परत येतात तेव्हा चेहरा वेगळा असतो."

मला तिला पाठीवर एक धपाटा द्यावासा वाटला आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. नोकरीचं विचारलं, तर तिथेही गाठ. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात तिला जागा मिळाली होती, राहायला खोली, पुढचं शिक्षण. एकदा मुदत वाढवून घेतली होती. या महिनाअखेरीला हजर झाली नाही तर जागा दुसरीला.

"मग जा की, बयो! सासऱ्यांची बहीण दोन घरं सोडून राहते ना? ती बघेल जेवणाचं."

"जेवण करून कोणीही घालेल," ती म्हणाली. "काटा कोण चढवणार? मी गेले की तोही यायचा थांबला, असं होईल त्यांना. एका घरातून दोनदा जाणं मला नाही जमणार."

मी मीटर सोडवला. तिने अडवलं नाही. सासऱ्यांनी सांगितलेलं काम तिला मोडवेना.

निघाले तर काका कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. पिशवी त्यांनी घेतली. थरथरत्या हातात माझी हत्यारं खुळखुळत होती.

"सुनेने सांगितलं असेल तुम्हाला," ते म्हणाले.

मी रस्त्यातच थांबले. "तुम्हाला माहीत आहे?"

"पहिल्या दिवशी नव्हतं माहीत. पहिल्या दिवशी मला खरंच तो आला असं वाटलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर गाडीखाली वीट ठेवलेली. तिरकी. मी जन्मभर लाकूड बसवलंय, मला वीट तिरकी दिसली की राहवत नाही. म्हटलं, ही पोर एक दिवस गाडी अंगावर घेईल. मग बसून ती पाचर तासली. या हातांनी मला दोन दिवस लागले. वीट उचलून बाहेर टाकली आणि पाचर भिंतीपाशी ठेवली. तिला वाटलं असेल, शेडमध्येच पडलेली सापडली."

"आणि जेवायला लागलात ते?"

"ती माझ्यासाठी एवढे दंड दुखवून घेते. मग मी तिच्यासाठी दोन पोळ्या खायला नकोत?"

"अहो, मग दोघं समोरासमोर बसून बोलत का नाही? मी मध्ये कशाला? काय लपंडाव चाललाय म्हातारपणी!"

माझा आवाज चढला होता. एका घराची खिडकी उघडली. काका शांतपणे म्हणाले, "बोललो तर तिला कळेल की मी इतके दिवस तिच्या समोर नाटक केलं. ती शहरात नोकरीला जाईल, पण ओशाळी होऊन जाईल. मला ती हसत गेलेली हवीय. काटा चपळ करून द्या. मी पोचायच्या आत तो खाली आला की खेळ आपोआप संपतो. पुढचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर उघडायला घेतला. काचेची रिंग कडेकडेने उचलायची, घाई केली की ती वाकते आणि मग जन्मभर पाणी आत शिरतं. काटा काढण्याआधी त्याला टेकणीच्या खिळ्यावरून अलगद पलीकडे सोडायचा आणि तो खरा कुठे थांबतो तिथे खूण करायची. कारण शून्य जिथे छापलेलं असतं ती काट्याची खरी जागा नव्हे. त्याला खाली जायचं असतं, खिळा अडवतो म्हणून तो तिथे टेकून उभा असतो. लोक ही खूण न करताच काटा उपटतात आणि मग माझ्याकडे येतात तोंड पाडून.

आत काय झालं होतं ते बघताक्षणी कळलं. चाकाकडून येणारी केबल आत एक चुंबक फिरवते, चुंबक काट्याला ओढतं आणि केसासारखी बारीक स्प्रिंग त्याला परत आणते. केबलला ग्रीस लावायचं ते खालच्या बाजूला, तेही बोटाने पुसून घेतल्यासारखं. या पोराने केबल वरपर्यंत ग्रीसने माखली होती. गाडीवर जीव असलेली माणसंच ही चूक करतात. ज्यांना गाडीचं काही पडलेलं नसतं, त्यांचे मीटर वर्षानुवर्षं ठणठणीत. ते ग्रीस फिरत फिरत वर चढलं, मीटरच्या पोटात गेलं आणि घट्ट होऊन बसलं. काटा बिचारा त्या चिखलातून चालत होता.

काडीला कापूस गुंडाळून, तो स्पिरिटमध्ये बुडवून मी ते काळं चिकट थोडं थोडं काढत होते आणि माझ्या मनात काहीतरी अडत होतं. सुनेचं बोलणं आठवत होतं. दुसऱ्या दिवसापासून ती फिरवायला लागली. पहिल्या दिवशी ती ड्यूटीवर होती. आणि काकांनी पहिल्या दिवशी काटा उतरताना पाहिला होता.

मी हात थांबवला. मागे वळून बघितलं. हे पेपर वाचत बसले होते.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही इथेच बसा."

ह्यांनी पेपरवरून माझ्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी एकही विनोद केला नाही. मी काम पुरं केलं. सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल, खूण जुळवून काटा, रिंग दाबून बंद. केबल फिरवली तर काटा टुणकन उडायचा आणि सोडली की क्षणात शून्यावर. चोख काम. माझं काम चोखच असतं, पण त्या दिवशी ते हातात घेऊन बसवेना.

संध्याकाळी जाऊन बसवला. केबलही पुसून, बेताचं ग्रीस लावून. सून घरात होती, बघत होती, मग दुकानात जाऊन येते म्हणून बाहेर पडली. काकांनी मला चहाला थांबवलं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो आणि थोड्या वेळाने शेडकडून आवाज आला. घर्रर्र. थांबून पुन्हा घर्रर्र. काका कपात चमचा फिरवायला लागले, मोठ्याने, साखर कधीच विरघळलेली असताना. तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून माणूस रोज असा चमचा वाजवत बसत असेल, हे बघून मला गलबलून आलं.

मग ती पुढच्या दाराने आत आली. कपाळावर घाम, हात पदराला पुसत.

"बाबा, शेडचं दार लावून येता का?"

काका उठले. टेबलाला धरून, भिंतीला धरून, चौकटीला धरून. मी मागोमाग गेले आणि माझ्या मागून ती. शेडमध्ये अंधारत आलं होतं. काटा शून्यावर होता. टेकून, स्वस्थ. तिने तो पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

काका तबकडीपाशी गेले. मग त्यांनी काचेवर हात ठेवला.

"आला," ते म्हणाले. "आज काटाही आला. इतके दिवस म्हणत होता ना, यायचाय अजून? पोचला बघ तो घरी. आता त्याची वाट बघायला नको." आणि तिच्याकडे वळून, "आता तू नीघ. तुझी नोकरी तिकडे ताटकळली आहे."

ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. ते तिच्या डोक्यावर थोपटत होते आणि हात थरथरत असल्यामुळे ते थोपटणं थांबतच नव्हतं. मी पिशवी उचलली आणि मागच्या वाटेने घरी आले.

ती गेली. हसत गेली, हे मला काकांच्या बहिणीने सांगितलं. रिक्षातून हात हलवत होती म्हणे. मला वाटलं, संपलं. एखादं काम मनासारखं झालं की मी दोन दिवस कोणावर ओरडत नाही, तसे दोन दिवस गेले. ह्यांना तर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग पुढच्या महिन्यात एका सकाळी काका पुन्हा दारात उभे. हातात मीटर, फडक्यात गुंडाळलेला. या वेळी स्वतः सोडवून आणलेला. किती वेळ लागला असेल देव जाणे.

"बिघडला?" मी विचारलं.

"नाही. झकास चाललाय. तो पुन्हा जड करून द्या."

"वेडबीड लागलंय का, काका? मी चाळीस वर्षांत चांगलं काम बिघडवून दिलेलं नाही. आणि तुम्हाला स्वतःलाच चाक फिरवून स्वतःलाच फसवायचंय का?"

"चाकाला मी हात लावत नाही. पाचरही काढून टाकली."

ते बसले. ह्यांनी न सांगता पाणी आणून दिलं.

"पहिल्या दिवशी ती नव्हती," काका म्हणाले.

"माहीत आहे मला."

"तुम्हाला काय वाटतं?"

मी सांगितलं. जुनं ग्रीस असतं, उन्हाने पातळ होतं, काटा कुठे तरी अडकलेला असतो तो सुटतो. मी हे सगळं अगदी ठाम आवाजात सांगितलं.

"त्याआधी मी रोज बघत होतो. काटा शून्यावरच होता," ते म्हणाले. "शून्यावर अडकलेला काटा ग्रीस पातळ झालं म्हणून वर चढतो? तुम्ही कधी पाहिलाय?"

मी खिडकीबाहेर बघितलं. पाहिला नव्हता. पाहणारही नाही.

"मला काही हट्ट नाही," काका म्हणाले. "येईल, नाही येणार. पण स्वयंपाकघरातून शेडपर्यंत यायला मला केवढा वेळ लागतो, तुम्ही बघितलंत. काटा तुम्ही इतका चपळ केलात. समजा तो आला, गाडी लावली, आणि मी भिंत धरत धरत पोचेपर्यंत काटा खाली आलेला असला, तर मला कळणार कसं?"

ह्यांनी माझ्यासमोर हत्यारांची पिशवी आणून ठेवली.

मी मीटर घेतला. रिंग उचलली, खूण केली, काटा काढला. ग्रीसचा डबा कपाटाच्या तळाशी होता, मीटरच्या आत जाऊ नये म्हणून मीच तो लांब ठेवलेला. करंगळीवर थोडं घेतलं आणि जिथे कधीही लावायचं नसतं तिथे, काट्याच्या दांडीच्या बुडाशी, व्यवस्थित लावलं. माझे सासरे असते तर त्यांनी माझा हात धरला असता. संध्याकाळी जाऊन मी तो गाडीवर बसवला आणि तपासायला ती काढून टाकलेली पाचर शोधून इंजिनाखाली घातली. चाक हाताने फिरवत राहिले, दंड भरून येईपर्यंत. काटा जड जड वर चढला.

पाठीमागे काका भिंत धरत आले होते. काटा उतरत होता, अगदी सावकाश.

"मीच फिरवलं, काका," मी म्हटलं. "बघत होते, नीट बसलाय का."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. "पण खाली येईपर्यंत थांबा जरा."

मी थांबले. मग पाचर काढून त्यांच्या हातात दिली आणि दार उघडंच ठेवून घरी आले.